क्रँकबेटचा रंग सगळ्यात शेवटी निवडा

प्रश्न असा आला आहे. विचारणारे गृहस्थ वर्षभरापूर्वी पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहायला आले. सुट्टीला ते बास मासा धरायला रे रॉबर्ट्स तलावावर जातात, आणि मार्चमध्ये पूर्व टेक्सासच्या लेक फोर्क तलावावर जायचा बेत आहे. डबाभर क्रँकबेटं, म्हणजे मासा भुलवायचे नकली मासे, जमली आहेत. दुकानदार लाल घ्या म्हणतो, शेजारी चार्टरूजशिवाय (डोळ्यांत भरणारा पोपटी-पिवळा) दुसरं काही बांधत नाही, व्हिडिओवाले चंदेरी दाखवतात. "कोणत्या पाण्यात कोणता रंग लावायचा, आणि ओढायचं कसं?"

मी आधी ओढण्याबद्दल बोलतो, मग रंगाकडे येतो. पूर्व टेक्सासच्या तलावांवर क्रँकबेट टाकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्यातून झालेलं माझं मत पक्कं आहे: मासा लागणार की नाही हे मुख्यतः ते बेट, म्हणजे आमिष, किती खोल चाललंय आणि वाटेत कशाला आपटतंय यावर ठरतं. अगदी बरोबर रंगाचं क्रँकबेट चुकीच्या खोलीवर चालवलं तर दिवस फुकट जातो. खोली बरोबर असेल तर थोड्या चुकलेल्या रंगालाही मासे लागतात.

ज्यांनी ही वस्तू हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा छोटा मासा, पोटाखाली तीन काट्यांचे दोन गळ आणि नाकाखाली पुढे आलेली पाती. रीळ फिरवलं की पातीवर पाण्याचा दाब येतो आणि तो थरथरत बुडी मारतो. फिरवणं थांबवलं की वर तरंगायला लागतो. या तरंगण्याला पुढे फार महत्त्व आहे.

आता तुमचा डबा उघडा, सगळी क्रँकबेटं टेबलावर मांडा आणि रंगाकडे न बघता फक्त पात्यांकडे बघा. पाती आखूड आणि खाली वळलेली असेल तर ते बेट उथळ चालेल, जास्त डुलत चालेल. पाती लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर ते खोल जाईल. काही कंपन्या खोली नावातच देतात: रापालाचं डीटी ६ म्हणजे ६ फूट, डीटी १० म्हणजे १० फूट. स्ट्राइक किंगचं ६एक्सडी साधारण १९ फुटांपर्यंत उतरतं. हे आकडे लांब फेक आणि बारीक लाईन धरून दिलेले असतात. जाड तंगूस लावून जवळ फेकलंत तर १० फुटांचं बेट ७ फुटांवरच फिरत राहील.

नवे लोक हे विसरतात की बेट पाण्यात पडल्या पडल्या खोल जात नाही. फेकीचा पहिला हिस्सा ते उतरत असतं, शेवटचा हिस्सा तुमच्याकडे वर येत असतं. पूर्ण खोलीवर ते फक्त मधल्या टप्प्यात चालतं. म्हणून ज्या खुंटाशी मासा आहे असं वाटतं, त्याच्या बरंच पलीकडे फेकावं लागतं. रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरा. १९८२ साली पॉल एलायस यांनी अलाबामा नदीवर बासमास्टर क्लासिक ही बास धरण्याची मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा ते बोटीत गुडघ्यांवर बसून, अर्धा रॉड पाण्यात बुडवून रीळ फिरवत होते. तेवढ्यानेच बेट काही फूट जास्त खाली जातं. गुडघे साथ देत असतील तर आजही करून बघा.

खोलीचा नियम मी एकच पाळतो. तळ ८ फुटांवर असेल तर १० फूट जाणारं बेट बांधायचं. तळाला टेकलं पाहिजे. चिखल उडाला पाहिजे, दगडावर टकटक झाली पाहिजे. तळाच्या दोन फूट वरून, कशालाही न लागता सुरळीत पोहत येणारं क्रँकबेट दिसायला छान दिसतं, पण थंड पाण्यातला सुस्त बास त्याच्यासाठी वर येत नाही.

यातूनच धडकेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते सगळ्या तंत्राचं सार इथे आहे. लार्जमाउथ बास दबा धरून बसणारा मासा आहे. खुंट, बुडालेलं झाड, दगडाची कड, गवताची भिंत यांच्या आडोशाला तो थांबतो. भूक असो वा नसो, तोंडासमोरून जाणारी वस्तू अचानक दिशा बदलते तेव्हा तो विचार करत बसत नाही, झडप घालतो. तुमचं काम ती अचानक बदललेली दिशा पुन्हा पुन्हा घडवून आणण्याचं आहे. बेट खुंटावर आपटू द्या. आपटल्याचं हाताला कळलं की क्षणभर रीळ थांबवा. बेट तरंगून थोडं वर येईल, अडथळ्यावरून सुटेल, मग पुन्हा फिरवा. बहुतेक झटके या थांबण्यात नाहीतर पुन्हा सुरू करताना येतात. लाकूड नसेल तिथे तुम्हीच वेग तोडा: चार-पाच फेरे जोरात, मग थांबा, मग पुन्हा.

चौकोनी पातीचं क्रँकबेट, ज्याला इथे स्क्वेअरबिल म्हणतात, या कामासाठीच आहे. पातीचे कोपरे आधी लाकडाला लागतात, बेट बाजूला उसळतं आणि मागचे गळ अडकायचे वाचतात. टेनेसीचे फ्रेड यंग यांनी हलक्या बाल्सा लाकडातून कोरलेलं 'बिग ओ' हे या घराण्याचं मूळ. ओडिस नावाच्या भावावरून त्यांनी ते नाव ठेवलं. १९७३ मध्ये कॉटन कॉर्डेल यांनी ते प्लॅस्टिकमध्ये आणलं आणि ते घरोघरी पोचलं. २०११ ची क्लासिक केविन व्हॅनडॅम यांनी लुइझियानाच्या दलदलीत सायप्रसच्या खुंटांवर स्क्वेअरबिल आपटूनच जिंकली. एकाच खुंटावर वेगवेगळ्या कोनांतून फेकत राहायचं, हा त्यातला घेण्यासारखा धडा. पहिल्या फेकीला काही झालं नाही म्हणून खुंट सोडू नका. सावलीच्या बाजूने, मग उलट बाजूने, मग मुळांच्या दिशेने टाका.

रे रॉबर्ट्सवर तुम्हाला अशी बुडालेली झाडं भरपूर मिळतील. तिथे धरणाच्या दगडी बांधावरही क्रँकबेट फार चांगलं चालतं, मात्र बांधाकडे सरळ फेकण्याऐवजी बांधाला समांतर फेका, म्हणजे बेट पूर्ण वेळ दगडांवर राहील. या तलावात झेब्रा शिंपले आहेत. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. दर थोड्या फेकींनंतर लाईनचा शेवटचा हातभर भाग बोटांमधून ओढून बघा. खरखर लागली तर तोडून नव्याने बांधा. चांगला मासा बहुधा अशाच खरवडलेल्या लाईनवर तुटून जातो. शिंपले दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून तलाव सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकणं टेक्सासमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

गवतात मात्र पातीवाली बेटं घेऊन जाऊ नका. तिथे बिनपातीचं, आत छर्रे खुळखुळणारं चपटं क्रँकबेट लागतं. ते तरंगत नाही, बुडतं. हायड्रिला या पाणगवताच्या शेंड्यांना लागेल असं ओढायचं, अडकलं की मनगटाने झटकून सोडवायचं. झटकून सुटतानाच बास धरतो. आग्नेय टेक्सासच्या सॅम रेबर्न तलावावर फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक हेच करतात, आणि तिथल्या लाल रंगाला तलावाचंच नाव मिळालं आहे: रेबर्न रेड. तुमचा दुकानदार लाल घ्या म्हणतो त्याच्यामागे ही परंपरा आहे. ती कुठे लागू होते आणि कुठे होत नाही, ते रंगाच्या वेळी सांगतो.

रॉडबद्दल थोडक्यात, कारण मासे निसटतात ते इथे. क्रँकबेटचे गळ लहान आणि बारीक असतात. कडक ग्राफाइट रॉडने हिसका दिला तर मासा तोंड बंद करायच्या आत बेट ओढून निघतं, किंवा काटा मांस फाडून सुटतो. सात फुटांच्या आसपासचा, मधल्यापर्यंत वाकणारा फायबरग्लासचा किंवा मिश्र रॉड घ्या. झटका आला की हिसका देऊ नका. रीळ फिरवत राहा आणि रॉड बाजूला झुकवा. काटे आपोआप बसतात. खोल बेटांना ५:१ च्या आसपासचं (दांडीच्या एका फेऱ्याला रिळाचे पाच फेरे) सावकाश रीळ हाताला सोपं जातं, बिनपातीच्यांना ७:१ चं वेगवान. लाईन खोल पाण्यात १० पाउंड ताण सोसणारी फ्लुरोकार्बन, लाकडात १५ ची.

आणि नवं बेट पाकिटातून काढल्यावर आधी बोटीशेजारी ओढून बघा. सरळ आलं पाहिजे. तुमच्या डावीकडे पळत असेल तर त्याचं नाक तुमच्याकडे धरून लाईन बांधायची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. तिरकं चालणारं क्रँकबेट पूर्ण खोली कधीच गाठत नाही.

आता रंग.

पहिली गोष्ट, बासला रंग दिसतात, पण आपल्यासारखे नाहीत. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत, एक लाल बाजूची आणि एक हिरव्या बाजूची. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ च्या सुमारास लार्जमाउथ बासना ठरावीक रंगाकडे गेल्यावर खाऊ देऊन शिकवलं आणि मग ते कुठे फसतात ते पाहिलं. लाल आणि हिरवा ते छान ओळखत होते. चार्टरूज आणि पांढरा यांत त्यांची गल्लत होत होती. गडद निळा आणि काळा यांतही. हे प्रयोगशाळेतल्या उजेडात झालं, तलावाच्या गढूळ पाण्यात नाही; तरी याचा सरळ उपयोग तुमच्या खिशाला आहे. निळ्या पाठीचं चार्टरूज आणि काळ्या पाठीचं चार्टरूज अशी दोन्ही विकत घेण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट, पाणी रंग खातं. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी नाहीसा होतो. १५ फुटांवर तुमचं लालभडक क्रँकबेट माशाला काळपट करडं दिसणार. तलावात शेवाळ किंवा माती असेल तर निळा प्रकाश लवकर संपतो आणि हिरवा-पिवळा त्यातल्या त्यात टिकतो, म्हणून मळकट पाण्यात चार्टरूज उठून दिसतं. यावरून लाल रंगाची जागा कळते: उथळ पाणी, दोन ते सहा फूट. रेबर्नच्या गवतावर लाल चालतो तो तिथे पाणी उथळ आहे म्हणून, आणि वसंतात बास क्रॉफिश खातात म्हणून. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली, आपल्या शेवंडीसारखी दिसणारी बोटभर जात. थंडी सरताना ती बिळांतून बाहेर पडते आणि टेक्सासमधली लाल जातीची असते. तोच लाल क्रँकबेट ऑगस्टमध्ये १८ फुटांच्या कडेवर बांधण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिथे बास शॅडच्या मागे असतो, आणि शॅड हा तारलीच्या गोतातला चंदेरी, राखाडी पाठीचा मासा आहे.

म्हणजे दोनच गोष्टी बघायच्या: पाणी किती स्वच्छ आहे, आणि मासा या दिवसांत काय खातोय.

पाणी मोजायला उपकरण नको. पांढरं क्रँकबेट बोटीच्या सावलीच्या बाजूला पाण्यात उतरवा आणि कितव्या फुटाला दिसेनासं होतं ते पाहा. चार फुटांपलीकडे दिसत असेल तर पाणी स्वच्छ. तिथे बास दुरून येतो, मागे लागतो, निरखतो. अशा पाण्यात अर्धपारदर्शक, शॅडच्या रंगाची, अंग फारसं न चमकणारी बेटं लावा आणि वेगात ओढा, निरखायला वेळ देऊ नका. ऊन असून वाऱ्याने पाण्यावर चुण्या पडल्या असतील तर चांदीसारखी झळाळणारी चालतात. ढगाळ दिवशी हाडासारखा मळका पांढरा मला जास्त विश्वासाचा वाटतो. दीड ते चार फूट म्हणजे थोडं मळकट पाणी, आणि टेक्सासमध्ये बहुतेक वेळा हेच मिळतं. इथे गडद पाठीचं चार्टरूज, वसंतात तपकिरी-लाल क्रॉफिश. तुमचा शेजारी याच पाण्यात मासे धरत असणार, म्हणून त्याचा चार्टरूजवर एवढा विश्वास आहे.

पावसानंतर ओढ्याच्या तोंडाशी चहाच्या रंगाचं पाणी झालं, दीड फुटाच्या आत बेट गडप होऊ लागलं, की डोळ्यांचं काम जवळजवळ संपतं. बासच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातला कंप टिपणारी रेषा असते, तिच्यावर तो विसंबतो. जाड अंगाचं, खूप डुलणारं, आत छर्रे असलेलं बेट घ्या, सावकाश चालवा आणि लाकडाला अगदी खेटून चालवा. रंग असा की ज्यात गडद आणि उजळ यांचा फरक ठळक असेल: काळी पाठ, चार्टरूज बाजू, नारिंगी पोट. बास बहुधा खालून वर बघतो, त्यामुळे पोटाचा रंग आणि आकाशाच्या उजेडावर उमटणारी आकृती यांना बाजूच्या बारीक नक्षीपेक्षा जास्त किंमत आहे. दुकानात खवला न् खवला रंगवलेली जी सुंदर बेटं असतात, ती नक्षी माझ्या मते गिऱ्हाइकाला भुरळ घालायला असते.

कोकणात खाडीत जिताड्याला गरवणाऱ्यांना ही दृष्टी ओळखीची वाटेल. तोही खांब-खडकाआड दबा धरणारा मासा, पाणी गढूळ, आणि पातीचे ल्यूर तिथेही चालतात. सुट्टीत गावी नेणार असाल तर बेटाचे कारखान्याचे गळ आणि कड्या बदलून खाऱ्या पाण्याच्या, जाड लावा. जिताडा बासचे गळ सरळ करून टाकतो.

पाण्याचं तापमान रंगापेक्षा चालीवर जास्त परिणाम करतं. ५० अंश फॅरनहाइटच्या खाली बारीक थरथरणारं, चपट्या अंगाचं बेट, रापालाच्या शॅड रॅपसारखं, सावकाश. पन्नाशीत पाणी चढत असताना क्रॉफिशचे रंग आणि थोडी रुंद चाल. उन्हाळ्यात मोठी, खोल जाणारी, शॅडच्या रंगांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शॅड ओढ्यांत शिरतात, बास त्यांच्या मागे जातात, तेव्हा पुन्हा स्क्वेअरबिल आणि भरपूर वेग.

त्यामुळे डब्यात मी तीन रंग ठेवीन: एक शॅड, एक गडद पाठीचं चार्टरूज, एक क्रॉफिश. पण प्रत्येक रंगात तीन-चार वेगवेगळ्या खोलीवर चालणारी बेटं हवीत. तुमच्याकडे आत्ता याच्या उलट असणार, म्हणजे एकाच खोलीची बेटं सगळ्या रंगांत. पुढचे पैसे वेगवेगळ्या खोलीची बेटं घ्यायला घाला.

आता तुमची मार्चची लेक फोर्कची सहल. त्या दिवसांत तिथलं पाणी साधारण पन्नाशीत किंवा साठीच्या उंबरठ्यावर असतं आणि बास अंडी घालण्याआधी मुख्य तलावातून ओढ्यांकडे सरकत असतात. ओढ्याच्या आतल्या, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या दुसऱ्या-तिसऱ्या टोकांवर, जिथे चार ते आठ फुटांचा उथळ भाग खोल पात्राला भिडतो, तिथून सुरुवात करा. खुंट असतील तर क्रॉफिश रंगाचं स्क्वेअरबिल, गवत असेल तर लाल बिनपातीचं. तासाभरात झटका नाही आला तर आधी रंग बदलू नका. आधी खोली बदला, सहाऐवजी दहा फूट जाणारं बांधा आणि त्याच टोकाच्या बाहेरच्या उतारावर टाका. मग वेग बदला. एखादा मासा मागे येतोय पण धरत नाही, किंवा बाहेरून एका काट्यावर कसाबसा अडकतोय, असं दिसलं तर ती रंग बदलायची खरी वेळ. खोली आणि जागा बरोबर आहे, शेवटच्या वीतभर अंतरात त्याला काहीतरी खटकतंय. तेव्हा चार्टरूजवरून शॅडवर या, किंवा छर्ऱ्यांचं काढून बिनआवाजाचं लावा.

फोर्कवर लांबीचा वेगळा नियम आहे: १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक लार्जमाउथ सोडून द्यावा लागतो, आणि २४ किंवा त्याहून लांब दिवसाला एकच ठेवता येतो. १९९२ च्या जानेवारीत राज्याचा विक्रमी १८.१८ पाउंडांचा बास याच तलावात मिळाला. मोजपट्टी बोटीत ठेवा. १३ पाउंडांच्या वरचा लागला तर तो न मारता राज्याच्या शेअरलंकर कार्यक्रमाला कळवा. १९८६ पासून ते अशा मोठ्या माद्यांपासून पिल्लं वाढवून तलावांत सोडत आले आहेत. आणि लांब पकड हाताशी असल्याशिवाय क्रँकबेटवर लागलेला मासा उचलू नका. एका गळावर मासा तडफडत असतो तेव्हा दुसऱ्याचे तीन काटे मोकळे असतात. मासा बोटीशेजारी पाण्यातच शांत होऊ द्या, अंगठ्याने खालचा जबडा धरा, पकडीने आधी मागचा गळ सोडवा, मग पुढचा. हात ओले ठेवा, मोजायला पट्टीही ओली करून घ्या.